टोमॅटोचा डबा, बम आणि पलूका: बॉक्सिंगमधल्या दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांच्या नावांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्री जागून परदेशातल्या लढती बघणारी मराठी मंडळी आता पुष्कळ आहेत. समालोचक 'टोमॅटो कॅन', 'बम', 'जर्नीमन' असे शब्द सहज फेकतो आणि आपणही ते उचलतो. हे शब्द आले कुठून, असं मला अनेकांनी विचारलं. वीसेक वर्षं या खेळाच्या मागे असल्यामुळे जे वाचलं आणि पाहिलं ते इथे एकत्र केलं आहे. शब्द गोळा करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. यातले फार थोडे शब्द ठोशांविषयी आहेत. बाकीचे भुकेतून, रोजंदारीतून आणि बेघर माणसांच्या जगण्यातून आलेले आहेत.

'टोमॅटो कॅन' नेमकं कोणाला म्हणतात?

ज्याला हरवणं सोपं आहे आणि ज्याला हरवता यावं म्हणूनच रिंगमध्ये आणलं आहे, त्याला. नुसता कमजोर असणं पुरेसं नाही. कमजोर बॉक्सर दुसऱ्या कमजोर बॉक्सरशी लढला तर त्याला कोणी डबा म्हणत नाही. समोर वर चढत असलेला, तिकिटं खपवणारा, वर्तमानपत्रांचा लाडका बॉक्सर असतो. त्याच्या नावापुढे आणखी एक विजय लागावा म्हणून ज्याला बोलावलं जातं, तो टोमॅटो कॅन. शब्द अमेरिकेतला. तिथे बोलताना नुसतं 'कॅन' म्हणूनही भागतं.

पण टोमॅटोच का? मटारचा डबा का नाही?

सगळ्यांना ठाऊक असलेलं स्पष्टीकरण असं: डब्यावर ठोसा मारला की तो चेपतो आणि आतून लाल रस गळतो. चित्र इतकं ठसठशीत आहे की ऐकणाऱ्याला दुसरं काही शोधावंसं वाटत नाही. मलाही बरीच वर्षं हेच खरं वाटत होतं.

हा शब्द मात्र रिंगच्या आधी रस्त्यावर होता. डबाबंद टोमॅटोचा अमेरिकेतला धंदा १८४७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी हॅरिसन क्रॉस्बी यांनी सुरू केला, असं मानलं जातं. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत हे डबे इतके स्वस्त झाले की रिकामे डबे गल्लोगल्ली पडलेले असत. भटक्या, बेघर माणसांनी ते उचलले. रेल्वेरुळांच्या कडेला त्यांत कॉफी उकळायची, उष्टंमाष्टं गरम करायचं. दारूच्या गुत्त्यांबाहेर ठेवलेल्या रिकाम्या पिंपांच्या तळाशी उरलेली शिळी बिअर याच डब्यात निथळून घ्यायची. अशा माणसांना 'टोमॅटो-कॅन व्हॅग' म्हणजे टोमॅटोच्या डब्याचा भटक्या असं नाव पडलं होतं. न्यू यॉर्कच्या गरीब वस्त्यांचं वर्णन करणारे पत्रकार जेकब रीस यांनी १८९० साली शिळ्या बिअरच्या अशाच एका अड्ड्याबद्दल लिहिलं आहे. पिंपातून भरलेले टोमॅटोचे डबे तिथे एका हातातून दुसऱ्या हातात जात होते.

म्हणजे टोमॅटोचा डबा हे आधी माणसाच्या शेवटच्या पायरीचं नाव होतं. रक्ताच्या चित्रामुळे ते रिंगमध्ये चिकटून राहिलं, हेही खरं असेल. दोन अर्थांनी एकमेकांना बळ दिलं असावं, असं मला वाटतं.

'बम' म्हणजे आळशी माणूस ना? बॉक्सरला बम का म्हणायचं?

जर्मन भाषेत 'बुम्लर' म्हणजे रिकामटेकडा, उनाड. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जर्मन स्थलांतरितांबरोबर हा शब्द अमेरिकेत गेला आणि त्याचा 'बमर' झाला. यादवी युद्धात १८६४ साली जनरल शर्मन यांचं सैन्य जॉर्जियातून समुद्राकडे निघालं, तेव्हा वाटेत शेतांतून धान्य, कोंबड्या, डुकरं उचलणाऱ्या सैनिकांना 'शर्मनचे बमर' म्हणत. युद्ध संपलं आणि शब्दाचं शेपूट गळून 'बम' उरला.

भटक्यांच्या जगात त्यांची स्वतःची उतरंड होती. फिरत फिरत काम शोधतो तो होबो, नुसता फिरतो तो ट्रॅम्प, आणि फिरतही नाही, कामही करत नाही तो बम. बॉक्सरला बम म्हणणं म्हणजे त्याला या उतरंडीच्या तळाला बसवणं. ज्याला बम म्हणतात तो बहुतेक वेळा दिवसा गोदीत किंवा कारखान्यात राबून संध्याकाळी व्यायामशाळेत आलेला असतो. या शब्दाचा मला राग येतो तो एवढ्यासाठीच.

हाच शब्द प्रेमानेही वापरला गेला आहे. ब्रुकलिनच्या डॉजर्स या बेसबॉल संघाचे चाहते आपल्या सतत हरणाऱ्या संघाला 'आपले बम' म्हणत आणि दुसऱ्या कोणी तसं म्हटलं तर भांडत.

'बम ऑफ द मंथ क्लब' हे काय प्रकरण आहे?

हे प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे.

जो लुईस १९३७ मध्ये जेम्स ब्रॅडॉक यांना हरवून हेवीवेट जगज्जेते झाले आणि १९४९ पर्यंत ते पद त्यांच्याकडे राहिलं. या काळात त्यांनी ते पंचवीस वेळा राखलं. इतर जगज्जेते वर्षाला एखादी लढत देत असताना डिसेंबर १९४० ते जून १९४१ या सात महिन्यांत लुईसनी ते पद सात वेळा पणाला लावलं, म्हणजे जवळजवळ महिन्याला एकदा. त्या काळी अमेरिकेत वर्गणी भरली की दर महिन्याला घरपोच पुस्तक पाठवणारी मंडळं लोकप्रिय होती. त्याच धर्तीवर या मालिकेला 'महिन्याचा बम' हे नाव पडलं. ते क्रीडापत्रकार जॅक मायली यांच्या नावावर सांगितलं जातं.

आता हे 'बम' कोण होते ते पाहू. डिसेंबरात बॉस्टनला अल मकॉय, जानेवारीत रेड बर्मन, फेब्रुवारीत फिलाडेल्फियाला गस डोराझिओ, मार्चमध्ये डेट्रॉइटला एब सायमन, एप्रिलमध्ये सेंट लुईसला टोनी मस्टो, मे महिन्यात वॉशिंग्टनला बडी बेअर आणि जूनमध्ये न्यू यॉर्कला बिली कॉन.

डोराझिओ दुसऱ्या फेरीतच कोसळले. पण सायमन तेराव्या फेरीपर्यंत उभे होते, मस्टो नवव्यापर्यंत. बडी बेअर यांनी तर पहिल्याच फेरीत लुईसना दोरांमधून रिंगबाहेर पाडलं. ती लढत सातव्या फेरीत संपली, तीसुद्धा वादात. सहाव्या फेरीची घंटा वाजल्यानंतर ठोसा बसला अशी तक्रार करत बेअर यांचे मॅनेजर रिंगमधून हटेनात, म्हणून पंचांनी बेअर यांना बाद ठरवलं. आणि बिली कॉन? लुईसपेक्षा कितीतरी हलका हा गडी बारा फेऱ्यांनंतर दोन पंचांच्या तक्त्यावर पुढे होता, तिसऱ्याच्या तक्त्यावर बरोबरीत. उरलेल्या तीन फेऱ्या अंगावर न घेता खेळून काढल्या असत्या तर तो जगज्जेता होता. तो नॉकआउट करायला गेला आणि तेराव्या फेरीचे दोन सेकंद उरलेले असताना स्वतःच पडला.

या सातांना एका नावाखाली गुंडाळणं हा निव्वळ अन्याय होता. माणूस दुबळा होता म्हणून हरला की समोर जो लुईस होते म्हणून हरला, हा प्रश्न त्या चटकदार नावाने कायमचा पुसला. लुईसनाही त्याचा तोटा झाला. त्यांनी मोठ्या कष्टाने मिळवलेले विजय आज लोक त्या एका नावामुळे हलके समजतात.

'हॅम अँड एगर' म्हणजे?

दोन अंडी आणि हॅमचा तुकडा, एवढ्या एका जेवणाच्या पैशांत लढणारा. मैदान लहान, फेऱ्या चार, मोबदला पोटापुरता. आपल्या जत्रेतल्या फडात पोरासोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर किंवा नारळावर लागतात, ते आठवलं की हा शब्द लगेच कळतो. फरक इतकाच की रेवड्यांवर लढणारं पोरगं उद्या मोठ्या इनामाच्या कुस्तीकडे जाईल अशी सगळ्यांना आशा असते. हॅम अँड एगर मात्र चाळिशीतही अंड्यांवरच लढत असतो.

'पलूका' कुठून आला?

हा शब्द १९२०च्या दशकात पसरला. मनोरंजनक्षेत्राच्या 'व्हरायटी' या साप्ताहिकात लिहिणारे जॅक कॉनवे यांनी तो रूढ केला, असं मानतात. कॉनवे आधी बेसबॉल खेळत आणि नवे शब्द घडवण्याची त्यांना हौस होती. पोलिश लोकांसाठीच्या एका तुच्छतादर्शक शब्दाशी त्याचं नातं जोडतात, पण पुराव्यावर ते टिकत नाही. शब्दकोश 'व्युत्पत्ती अज्ञात' एवढंच म्हणतात. अर्थ मात्र स्पष्ट आहे: अंगाने दांडगा, हाताने गबाळा, मार खाणारा.

पुढे याच शब्दाचं सोनं झालं. चित्रकार हॅम फिशर यांनी १९३० मध्ये 'जो पलूका' ही चित्रमालिका वर्तमानपत्रांत सुरू केली. तिचा नायक साधा, सज्जन, आणि चक्क जगज्जेता बॉक्सर. मालिका १९८४ पर्यंत चालली. इंडियाना राज्यात उलिटिक नावाचं चुनखडीच्या खाणींचं गाव आहे, तिथे या काल्पनिक बॉक्सरचा दगडी पुतळा उभा आहे. हरणाऱ्यासाठी बनवलेल्या शब्दाला पुतळा मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

'जर्नीमन' ही शिवी आहे का?

नाही, आणि ती शिवी म्हणून वापरणाऱ्याला जरूर टोका. 'जर्नी' म्हणजे प्रवास असं आपण शाळेत शिकलो, पण या शब्दाच्या मुळाशी फ्रेंच 'जुर्ने', म्हणजे दिवस आहे. युरोपातल्या कारागिरांच्या संघांत उमेदवारी संपवलेला, पण स्वतःचं दुकान नसलेला आणि दिवसाच्या मजुरीवर काम करणारा तो जर्नीमन. हात तयार, मालकी नाही. बॉक्सिंगमध्ये अर्थ हुबेहूब तसाच आला.

ब्रिटनमध्ये हा रीतसर पेशा आहे. छोट्या सभागृहातल्या कार्यक्रमात घरचा बॉक्सर आपल्या मित्रमंडळींना, नातलगांना तिकिटं विकतो आणि त्या पैशांतून समोरच्याचा मोबदला निघतो. समोरचा असतो 'पाहुण्या कोपऱ्यातला' बॉक्सर. तो कधी कधी एकाच महिन्यात तीन-चार गावांत लढतो. तशा लढतीत गुण देणारा एकटा रेफरी असतो, तिकिटं घरच्याची खपलेली असतात, आणि पाहुण्याने गुणांवर जिंकणं फार अवघड असतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

अशा माणसाचं कौशल्य कशात? मार चुकवण्यात, मिठी मारून वेळ काढण्यात, नवशिक्याला चार फेऱ्या शिकवण्यात, आणि स्वतः धडधाकट घरी जाण्यात. नॉकआउट झाला तर वैद्यकीय नियमाप्रमाणे त्याला काही आठवडे लढता येत नाही. म्हणजे तेवढे आठवडे पगार बंद. म्हणून पराभव चालतो, पडणं चालत नाही.

बर्मिंगहॅमचे पीटर बकली ३०० लढती लढले: ३२ विजय, २५६ पराभव, १२ बरोबरी. क्रिस्टियन लेट यांच्याही ३०० लढती: १२ विजय, २७९ पराभव, ९ बरोबरी. अमेरिकेतल्या रेजी स्ट्रिकलंड यांच्या नावावर ३६३ लढती आणि २७६ पराभव आहेत. हे आकडे वाचून हसू येणाऱ्याने एकदा व्यायामशाळेत जाऊन तीन मिनिटांची एकच फेरी लढून बघावी. बकली पोरसवदा नसीम हमीद यांच्याशी दोनदा लढले. हमीद पुढे जगज्जेते झाले. अशा माणसांच्या अंगावरच जगज्जेते घडतात.

मग टोमॅटो कॅन आणि मुद्दाम हरणारा यांत फरक काय?

फार मोठा. डबा खरोखर लढतो, फक्त त्याला जिंकता येत नाही. मुद्दाम हरणाऱ्याला जिंकता येत असतं, पण पैशांसाठी तो पडतो. त्यासाठी इंग्रजीत 'डाइव्ह', म्हणजे सूर मारणे, आणि 'टँक', म्हणजे पोहण्याचा हौद, असे पाण्यातले शब्द आहेत. नोव्हेंबर १९४७ मध्ये जेक लामोटा बिली फॉक्स यांच्याकडून हरले. ती हार ठरवून घेतली होती, हे त्यांनी १९६० साली अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे कबूल केलं. लामोटा पुढे मिडलवेट जगज्जेते झाले, म्हणजे कोणत्याही अर्थाने ते डबा नव्हते. आपल्याकडे यासाठी 'नुरा कुस्ती' हा नेमका शब्द आहे. तो टोमॅटो कॅनला भाषांतर म्हणून वापरतात ते चूक. नुरा कुस्तीत दोघे सामील असतात. डब्याला कोणी काही सांगितलेलं नसतं, त्याच्या जिवावर हिशेब केलेला असतो.

असे प्रतिस्पर्धी आणायची गरजच काय?

पैसा, आणि थोडंसं शिक्षण.

शिक्षणाची बाजू आधी. हौशी बॉक्सिंगमधून आलेला वीस वर्षांचा मुलगा पहिल्याच दिवशी मुरलेल्या बॉक्सरपुढे उभा केला तर तो मोडेल. त्याला दर लढतीला थोडं अवघड माणूस द्यावं लागतं. आपल्या मैदानात जाणती माणसं 'जोड' लावतात, वय, वजन, ताकद आणि तयारी बघून, तसंच हे. इथवर कोणाचा आक्षेप नसावा.

पण पैशांची बाजू जड झाली की जोड बिघडते. '२० लढती, २० विजय, १८ नॉकआउट' ही ओळ जाहिरातीवर छापली की तिकीट खपतं. शून्य पराभवांचं मोल इतकं वाढलं आहे की मॅनेजर मुलाला शिकवण्यापेक्षा त्याचं ते शून्य जपतो. मग डबे एकामागून एक येतात. १९३०च्या दशकात इटलीच्या महाकाय प्रिमो कार्नेरा यांना असंच चढवलं गेलं, त्यांतल्या कित्येक लढतींवर ठरवून केल्याचा संशय कायम राहिला. खरा मार बसायला लागला तेव्हा १९३४ मध्ये मॅक्स बेअर यांनी त्यांना अकरा फेऱ्यांत पुन्हा पुन्हा खाली पाडलं. डब्यांवर वाढवलेल्या बॉक्सरचाही शेवटी बळीच जातो.

इतर भाषांत काय म्हणतात?

मला सर्वांत आवडलेला शब्द जर्मन आहे: 'फालओब्स्ट', म्हणजे वाऱ्याने गळून झाडाखाली पडलेली फळं. वळवाच्या वाऱ्यानंतर सकाळी कलमाखाली आंबे वेचलेल्या माणसाला तो समजवावा लागणार नाही. ना काठी हवी, ना शिडी. नुसतं वाकायचं.

रशियनमध्ये 'मिशोक', म्हणजे पोतं. मेक्सिकोत 'बुल्तो', म्हणजे बोचकं. दोन टोकांच्या देशांना सरावाची लोंबती पिशवीच आठवली.

जपानी शब्द ऐकून मात्र अंगावर काटा येतो: 'कामासे-इनू', म्हणजे चावून घ्यायला दिलेला कुत्रा. कुत्र्यांच्या झुंजींसाठी तरुण कुत्रा तयार करताना त्याचा धीर वाढावा म्हणून त्याच्यापुढे म्हातारा किंवा दुबळा कुत्रा ठेवत. तरुणाने त्याला चावायचं, जिंकायची चव घ्यायची. १९८२ मध्ये रिकी चोशू या व्यावसायिक मल्लाने आपल्याच संघातल्या तात्सुमी फुजिनामी यांच्याविरुद्ध बंड केलं, ते 'मी तुझा कामासे-इनू नाही' या अर्थाचं वाक्य म्हणत, असं जपानी चाहते सांगतात. तेव्हापासून तो शब्द तिथे घरोघरी पोचला.

मराठीत याला शब्द नाही का?

आहे, पण त्याचा स्वभाव वेगळा आहे. क्रिकेटच्या बातम्यांत दुबळ्या संघाला 'लिंबूटिंबू' म्हणतात. त्याच्या जवळचा शब्द म्हणजे गल्लीतल्या खेळातलं 'कच्चं लिंबू'. मोठी मुलं खेळत असतात, धाकटं भावंड रडतं, आई म्हणते त्यालाही घ्या. मग ते कच्चं लिंबू. त्याला पकडलं तरी त्याच्यावर राज्य येत नाही, आउट झालं तरी बॅट हातात राहते. म्हणजे आपल्या शब्दात दुबळ्याला खेळात सामावून घेणं आहे. टोमॅटोच्या डब्यात दुबळ्याला वापरून घेणं आहे. म्हणूनच बॉक्सिंगबद्दल लिहिताना टोमॅटो कॅनसाठी 'लिंबूटिंबू' वापरू नये असं माझं ठाम मत आहे. अर्थाने जवळचा आपला शब्द 'बळीचा बकरा' आहे.

लिंबूटिंबूंचा विषय निघालाच आहे तर पुण्याचा तो दिवस सांगायलाच हवा. २९ फेब्रुवारी १९९६, विश्वचषक, नेहरू स्टेडियम. केनियाने १६६ धावा केल्या आणि वेस्ट इंडीजचा संघ ९३ धावांत गुंडाळला.

डबा म्हणून आणलेल्याने बाजी उलटवली, असं बॉक्सिंगमध्ये झालं आहे का?

झालं आहे, आणि या खेळातले सर्वांत थोर दिवस तेच आहेत.

जेम्स ब्रॅडॉक यांचं उदाहरण आधी. महामंदीत हात मोडलेला, लढती मिळेनात, गोदीत मिळेल ते काम, आणि पोरांसाठी सरकारी मदत घ्यायची वेळ. त्यांना १९३४ मध्ये पुन्हा बोलावलं ते होतकरूंच्या समोर उभं करण्यासाठी. ते जिंकत गेले. १३ जून १९३५ रोजी त्यांनी मॅक्स बेअर यांच्याकडून हेवीवेटचं जगज्जेतेपद घेतलं. घेतलेली सरकारी मदत त्यांनी परत केली. हे वाचताना माझा अजूनही घसा दाटतो.

मार्च १९७५ मध्ये चक वेपनर मोहम्मद अलींपुढे उभे राहिले. बेयॉन गावचा दारू विक्रेता, चेहरा इतका लवकर फाटायचा की टोपणनावच 'बेयॉनचा रक्ताळ'. नवव्या फेरीत त्यांनी अलींना खाली पाडलं. वेपनर यांचा पाय अलींच्या पायावर पडल्यामुळे ते घसरले, असं अलींच्या बाजूचं म्हणणं. पंधराव्या फेरीत एकोणीस सेकंद उरले असताना रेफरीने लढत थांबवली. ही लढत पाहूनच सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांना 'रॉकी'ची गोष्ट सुचली.

आणि ११ फेब्रुवारी १९९०, टोकियो. अजिंक्य माइक टायसन यांच्यापुढे बस्टर डग्लस. लास व्हेगासमध्ये भाव होता बेचाळीसास एक. डग्लस यांची आई तीन आठवड्यांपूर्वी वारली होती. आठव्या फेरीत ते पडले, उठले, आणि दहाव्यात त्यांनी टायसनना पाडलं. दातांचं रक्षक हाताने चाचपडत शोधणारे टायसन ज्यांनी पाहिले, त्यांना ते दृश्य विसरता येत नाही. डग्लस खरं तर कधीच डबा नव्हते, पण त्या दिवसापर्यंत जगाने त्यांना तसंच मोजलं होतं.

भारतातल्या व्यावसायिक बॉक्सिंगमध्येही हे चालतं का?

चालतं, कारण धंद्याचं गणित सगळीकडे एकच आहे. विजेंदर सिंग २०१५ मध्ये व्यावसायिक झाले आणि मँचेस्टरला पहिली लढत लढले. सलग बारा विजय झाले, आणि प्रतिस्पर्धी कमजोर आणतात अशी टीकाही सुरू झाली. मग १९ मार्च २०२१ रोजी पणजीला, मांडवीतल्या कॅसिनो जहाजावर त्यांची लढत ठेवली. समोर होते रशियाचे आर्तिश लोप्सान. आपल्याकडे त्यांचं नाव कोणी ऐकलेलं नव्हतं, गाठीशी मोजक्या लढती. पाचव्या फेरीत विजेंदर यांचा पहिला व्यावसायिक पराभव झाला. आधीच्या बारांबद्दल बोलताना ज्यांनी 'डबे' हा शब्द वापरला होता, त्यांनीच मग विजेंदरनाही तोच शब्द लावला. ऑलिंपिकमध्ये भारताला बॉक्सिंगचं पहिलं पदक, २००८ सालचं कांस्य, देणारा हा माणूस. शब्द किती लवकर फिरतो ते पाहा.

या माणसांच्या शरीराचं काय होतं?

हा प्रश्न मला फार कमी विचारला जातो. तो पहिला असायला हवा.

न्यू जर्सीतले डॉक्टर हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात 'पंच ड्रंक' नावाचा लेख लिहिला. पाय लडखडणं, हात थरथरणं, बोलणं जड होणं, बुद्धी मंदावणं. रिंगभोवतालच्या लोकांना हे आधीपासून माहीत होतं, त्यांनीच 'ठोशांनी झिंगलेला' हे नाव दिलं होतं. मार्टलंड यांनी तो शब्द वैद्यकात आणला. हा आजार जास्त कोणाला होतो तेही त्यांनी नोंदवलं: डोक्यावर मार सोसत पुढे घुसणाऱ्यांना, आणि इतरांच्या सरावासाठी वापरल्या जाणाऱ्या दुय्यम बॉक्सरना. हे दुय्यम दिवसातून अनेकदा खाली पाडले जात. म्हणजे ज्यांना बम आणि डबा म्हणून हसायचं, त्यांच्याच मेंदूंवर या आजाराची ओळख पटली. आज त्याच्या व्यापक रूपाला, म्हणजे डोक्यावर वारंवार मार बसून होणाऱ्या मेंदूच्या आजाराला, सीटीई म्हणतात आणि अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्यांच्या निमित्ताने जग त्याबद्दल बोलतं.

यावर कायदे आहेत का?

अमेरिकेत १९९६ साली संघीय कायदा झाला. त्याआधी एका राज्यात नॉकआउट झालेला माणूस आठवड्याभरात शेजारच्या राज्यात, कधी वेगळं नाव घेऊन, पुन्हा उभा राहू शकत असे. या कायद्याने प्रत्येक बॉक्सरला ओळखपत्र सक्तीचं केलं आणि एका राज्याने घातलेली वैद्यकीय बंदी दुसऱ्या राज्यांनी पाळायची असं ठरवलं. चार वर्षांनी मोहम्मद अलींच्या नावाचा कायदा आला, तो मुख्यतः प्रमोटर आणि बॉक्सर यांच्यातल्या करारांबद्दल होता. जोड समान असलीच पाहिजे, असं सांगून ती पाळायला लावणारी नजर प्रत्येक राज्याच्या मंडळाची. ती सगळीकडे सारखी तीक्ष्ण नाही.

नुसते आकडे बघून एखादा डबा आहे हे ओळखता येतं का?

अर्धवट. पराभव मोजू नका, कोणाकडून हरला ते बघा. किती वेळा मुदतीआधी संपला ते बघा. शेवटची लढत कधी झाली, आणि कोणत्या वजनात, तेही बघा. जगज्जेत्यांकडून गुणांवर दहा वेळा हरलेला माणूस हा दहा डब्यांना पाडणाऱ्यापेक्षा चांगला बॉक्सर असू शकतो.

इतके पराभव पचवून ही माणसं थांबतात तरी कशी?

बहुतेकांचं थांबणं कोणाच्या लक्षातही येत नाही. पण दोघांचं मी सांगू शकतो.

पीटर बकली यांची ३००वी आणि शेवटची लढत ३१ ऑक्टोबर २००८ रोजी त्यांच्या बर्मिंगहॅममध्ये होती. समोर मतीन मोहम्मद. चार फेऱ्या झाल्या, रेफरीने गुण मोजले आणि कित्येक वर्षांनी हात वर केला तो बकली यांचा.

पूर्व लंडनचे जॉनी ग्रीव्ह्ज २०१३ च्या सप्टेंबरात यॉर्क हॉलमध्ये आपल्या १००व्या लढतीला उतरले तेव्हा त्यांच्या नावावर ३ विजय आणि ९६ पराभव होते. त्या रात्री तिकिटं त्यांनी स्वतः खपवली होती, पहिल्यांदाच कोपरा घरचा होता, आणि सभागृह त्यांच्या माणसांनी भरलेलं होतं. तेही गुणांवर जिंकले.